मदत हवी आहे: प्रोग्राम मूळ संख्येला ‘मूळ नाही’ म्हणतोय

सराफा_रात्र:
उद्या सकाळी प्रॅक्टिकल आहे, पटकन सांगा. मूळ संख्या ओळखायचा प्रोग्राम बाकी सगळीकडे बरोबर चालतो. सरांनी दिलेल्या एकाच संख्येवर बराच वेळ घुटमळतो आणि ‘मूळ नाही’ म्हणतो. सर म्हणतात मूळच आहे. तीनदा नव्याने टाइप केला.

गणितवेडा:
संख्या कोणती? भाषा कोणती?

पलासियाकर:
वर्गमुळापर्यंतच भागतोयस ना?

सराफा_रात्र:
हो काका, तेवढंच. जावा. 2147483647.

गणितवेडा:
अरे भिया, हा तर 2 चा 31वा घात वजा 1! ऑयलरने 1772 मध्ये ही मूळ असल्याचं हाताने दाखवलं. हिचा कुठलाही मूळ विभाजक 62 च्या पटीत एक मिळवूनच येणार, शिवाय त्याला 8 ने भागलं की बाकी 1 किंवा 7. 46340 पर्यंत असे उमेदवार जेमतेम पावणेचारशे! तू भागाकार सोडून लुकास-लेमर कसोटी वापर. 4 घे, वर्ग करून 2 वजा कर, संख्येने भागून बाकी ठेव. असं 29 वेळा करून शून्य आलं की मूळ.

नवलखा_नाका:
एवढं कशाला? फर्माची कसोटी लाव.

गणितवेडा:
561 तिथे फसवते. 3 × 11 × 17 असूनही पास होते.

नवलखा_नाका:
मग मिलर-राबिन. मी तेच वापरतो, कधी अडलं नाही.

माळवी_मावशी:
आम्ही इंदूरच्या शाळेत ‘अभाज्य’ म्हणायचो, घरी आजोबा ‘मूळ’ शिकवायचे. आणि हिला 2 च्या 30व्या घाताने गुणलं की परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःखेरीज बाकी विभाजकांच्या बेरजेएवढीच असलेली, मिळते बरं का, सरांना नक्की सांग.

पलासियाकर:
लुकास-लेमर फक्त मर्सेन संख्यांना, म्हणजे 2 चा घात वजा 1 अशांना चालते. सरांनी उद्या दुसरी दिली तर पोरगा काय करेल? भागाकाराचा लूप कधीपर्यंत फिरतो, ती अट सांग रे आधी.

सराफा_रात्र:
आय गुणिले आय एनपेक्षा लहान किंवा समान असेपर्यंत. आय म्हणजे भाजक, एन म्हणजे सरांची संख्या. दोन्ही इंट, म्हणजे जावाचे साधे पूर्णांक.

पलासियाकर:
सापडलं. इंटमध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. 46341 चा वर्ग 2147488281, तो मावत नाही, उलटून ऋण होतो. इंटमधलं काहीही एनपेक्षा मोठं होऊच शकत नाही, म्हणून लूप थांबत नाही. आय वाढत वाढत खुद्द एनला पोचतो, एनला एनने भाग जातो, आणि उत्तर ‘मूळ नाही’. आय लाँग कर, त्यात मोठ्या संख्या मावतात.

सराफा_रात्र:
छापून बघितलं! 46340 ला 2147395600, लगेच पुढच्या ओळीत -2147479015. लाँग केलं, एंटर दाबताच ‘मूळ आहे’. काका, खूप खूप आभार.

गणितवेडा:
आता 2 चा 61वा घात वजा 1 देऊन बघ, तीही मूळ आहे.

पलासियाकर:
आज नको. तिचं वर्गमूळ दीडशे कोटींच्या वर, आणि त्याला सकाळी उठायचंय.