इथेनॉलच्या पेट्रोलनं इंजिनात घाण साचते का?
इथेनॉलनं पिस्टनवर कार्बन चढते, असं काही लोकं म्हणतात. मले नाही पटत. इथेनॉल साफ जळते. खरी भानगड कार्बोरेटरमध्ये, म्हणजे इंजिनात पेट्रोल अन् हवा मिसळून देणाऱ्या भागात. आमच्या यवतमाळकडं कपाशीची फवारणी सरली की पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप टाकीतल्या पेट्रोलासकट कोठ्यात पडून राहते. आजच्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, अन् ते हवेतली ओल ओढते. पाणी जास्त झालं की पाणी अन् इथेनॉल मिळून पेट्रोलापासून वेगळे होऊन तळाशी बसतात. कार्बोरेटरची खालची वाटी (बाऊल) खोलून पाहा: पांढरट थर, जेट म्हणजे पेट्रोल जायचं बारीक छिद्र बुजलेलं. जुन्या टाकीतला गाळही इथेनॉलनं सुटते अन् फिल्टरमध्ये अडकते. हंगाम सरला की टाकी रिकामी करा, अन् उरलेल्या थेंबांवर पंप आपोआप बंद पडेस्तोवर चालू द्या. पुढच्या साली पंप चालू कराची दोरी ओढून खांदा निखळत नाही.