तारा निघाल्यावर रिटेनर कशाला?

तारांनी दात सरळ झाले, मग रिटेनरचा (दात नव्या जागी धरून ठेवणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या साच्याचा) जादा खर्च कशाला, असं कुणीतरी विचारलंय. काटकसर दुसरीकडे करा हो! तारेच्या दाबाने दाताच्या एका बाजूचं हाड विरघळतं, मागे नवं भरतं, म्हणून दात सरकतो. तार निघाली तरी नवं हाड कच्चंच असतं आणि हिरडीतले ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी ओढतात. भाच्याने बारावीच्या धामधुमीत रिटेनर डबीतच ठेवलं. खालचे पुढचे दोन दात पुन्हा एकमेकांवर चढले. किती महिने दिवसभर आणि किती वर्षं फक्त रात्री, ते ऑर्थोडॉन्टिस्टच (दात सरळ करणारा डॉक्टर) ठरवेल. गरम पाण्याने मात्र धुऊ नका, प्लास्टिक वाकडं होतं. हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ठेवलंत तर वेटर ताटासोबत उचलून नेणार, डबी जवळ बाळगा.