लॅम्डा फाजच्या जे प्रथिनातील चार उत्परिवर्तने: पहिल्या तिनांचा उपयोग काय?

लॅम्डा हा फाज (जीवाणूंना संसर्ग करणारा विषाणू) ई. कोलाय या जीवाणूच्या बाह्यपटलावरील लॅमबी या माल्टोज साखर आत घेणाऱ्या प्रथिनाला चिकटूनच संसर्ग करतो, असे आम्हाला एम.एस्सी.ला शिकवले. मात्र २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्रयोगात त्याने ओम्पएफ हे वेगळेच प्रथिन वापरण्याची क्षमता मिळवली आणि त्यासाठी शेपटीच्या टोकाच्या जे प्रथिनात चार बदल एकत्र असावे लागले. चारांपैकी एकही कमी असून चालत नसेल, तर आधीचे तीन बदल टिकले कशाच्या बळावर?

प्रतिसाद १
ते बदल ओम्पएफसाठी निवडले गेलेच नव्हते. प्रयोगातील जीवाणूंमध्ये लॅमबीची निर्मिती चालू करणाऱ्या मॅलटी जनुकात उत्परिवर्तन होऊन ती जवळजवळ थांबली होती. मोजक्याच पेशी ते अधूनमधून बनवत राहिल्या, आणि फाज त्यांच्यावर कसाबसा तगला. अशा टंचाईत लॅमबीवर अधिक चांगली पकड देणारा प्रत्येक बदल फायद्याचा ठरतो. ओम्पएफ हा त्यातून साधलेला आडलाभ म्हणावा लागेल, आणि तोही ९६ पैकी २४ संवर्धनांतच (जीवाणू व फाज एकत्र वाढवलेल्या स्वतंत्र नमुन्यांत) साधला.

प्रतिसाद २
वरील उत्तरात एक भर घालतो. याच विषयावर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की बदललेल्या जे प्रथिनाची घडी काहीशी अस्थिर असते, त्यामुळे एकाच जनुकसंचाच्या फाजकणांपैकी काही लॅमबीमार्गे, तर काही ओम्पएफमार्गे शिरतात. एक जनुक म्हणजे एकच आकार, हे गृहीतक माझ्या मते आपल्या पाठ्यपुस्तकांत अजूनही फार घट्ट बसलेले आहे.

प्रश्नकर्ता
दोघांचे आभार. मग उरलेल्या ७२ संवर्धनांत फाज कशामुळे अडला?

प्रतिसाद १
बऱ्याच ठिकाणी जीवाणूंनी दुसरा अडसर घातला. मॅनोज ही साखर आत घेणाऱ्या आतल्या पटलावरील प्रथिनसंकुलातून लॅम्डाचा डीएनए पेशीत शिरतो. त्या संकुलाच्या जनुकांत उत्परिवर्तन झाले, की बाहेर कोणत्याही प्रथिनाला चिकटून उपयोग नसतो, आणि मग ओम्पएफवरील पकड निवडली जाण्याचे कारणच उरत नाही. जे प्रथिनातील बदलांचा विचार यजमानातील बदलांपासून तोडून करता येत नाही, तो यासाठीच.