घरचा ग्रुप: शनिवारी सॅव्हाना

दादा (जॅक्सनव्हिल): शनिवारी आई-बाबांना सॅव्हाना दाखवायला नेतोय, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं जुनं बंदराचं गाव. गाडीने दोनेक तास. सातला निघायचं, रात्री जेवायला घरी. टायबीचं दीपगृह, बोनाव्हेंचरची दफनभूमी, वॉर्म्सलोची झाडांची कमान, नदीकाठ, जुनं गाव, सगळं बसवतोय. अजून काही सुचतंय का कुणाला?

वहिनी: सुचतंय. यातलं निम्मं काढून टाक. दीपगृह एका टोकाला, वॉर्म्सलो दुसऱ्या. दिवसभर गाडीतच बसायचं असेल तर जॅक्सनव्हिल काय वाईट आहे?

आत्या (नाशिक): दफनभूमी कशाला रे बघायची मुद्दाम?

आई: वन्सं, मी पण तेच म्हणाले. ऐकतंय कोण.

बाबा: मला जिने नकोत. बाकी कुठेही न्या.

अकोल्याचे काका: अण्णा, सॅव्हाना म्हणजे कापसाचं बंदर! गाठीच्या गाठी तिथून लिव्हरपूलला जायच्या. आणि गावाजवळच्याच एका मळ्यावर 1793 मध्ये एली व्हिटनीने जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचं यंत्र, तयार केलं. आखूड धाग्याच्या कापसाची सरकी इतकी चिवट की हाताने सोलायची तर दिवसाला जेमतेम पौंडभर रुई निघायची. आपल्याकडे चरखी होतीच, पण तिकडच्या त्या सरकीला ती दाद देईना. व्हिटनीने दातांचं यंत्र केलं. आमच्या जिनिंगमध्ये डबल रोलर असायचे, ते निराळे.

मी (ठाणे): काका सुरू झाले 😄

अकोल्याचे काका: हसू नकोस. तुझ्या मुंबईचाही संबंध आहे. 1861 ला तिकडे यादवी सुरू झाली, उत्तरेकडच्यांनी दक्षिणेची बंदरं कोंडली. सॅव्हानाच्या तोंडावरचा पुलास्की किल्ला एप्रिल 1862 मध्ये पडला आणि ते बंदर बंदच झालं. मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी. मग सगळे धावले मुंबईकडे, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद, समुद्र बुजवायच्या बॅकबेच्या भरावाचे शेअर, सगळा सट्टा त्याच पैशावर. 1865 ला लढाई संपली, भाव कोसळले आणि मुंबईतल्या कंपन्या पत्त्यासारख्या पडल्या. राजाबाई टॉवर बघतेस ना येताजाता? त्याला पैसे त्याच प्रेमचंदांनी दिले.

मी (ठाणे): हे खरंच माहीत नव्हतं.

दादा: बरं, कापूस झाला. बघायचं काय ते सांगा.

वहिनी: गाडी व्हिजिटर सेंटरला लावायची. तिथून गावात फुकट बस फिरते. सिटी हॉलच्या सोनेरी घुमटापासून बुल स्ट्रीट धरायचा आणि सरळ फोरसाइथ पार्कच्या कारंज्यापर्यंत चालत जायचं. साधारण मैलभर. वाटेत पाच चौक लागतात: जॉन्सन, राइट, चिपेवा, मॅडिसन, माँटेरी. दर चौकात सावली आणि बाकं, म्हणजे बाबांना दर दोन-तीन मिनिटांनी बसता येईल. जिना एकही नाही.

आत्या (नाशिक): चौकच चौक. त्यात बघायचं काय गं सूनबाई?

वहिनी: आत्या, आपल्यासारखे चार रस्ते मिळतात तो चौक नाही हो. प्रत्येक चौक म्हणजे बाग आहे. 1733 मध्ये ओगलथॉर्पने गाव वसवतानाच आखणी केली: मधे मोकळी जागा, तिच्या पूर्व-पश्चिमेला चर्च आणि सार्वजनिक इमारतींचे प्लॉट, उत्तर-दक्षिणेला घरं. गाव वाढलं की तोच नकाशा शेजारी पुन्हा. असे 24 चौक झाले, 22 आजही आहेत. गाड्यांना प्रत्येक बागेला वळसा घालावा लागतो, म्हणून कुणी सुसाट जात नाही. वर ओकची झाडं एकमेकांत गेलेली, फांद्यांवरून करड्या जटा लोंबतात. शेवाळ वाटतं, पण ती वनस्पती अननसाच्या कुळातली.

आत्या (नाशिक): आणि हे सगळं राखलं कुणी? आमच्याकडे तर वाडे पाडून पार्किंग झालं.

वहिनी: तिथेही झालंच की. 1954 ला एलिस चौकातली जुनी मंडई पाडून पार्किंगची इमारत उठवली. लोक भडकले. पुढच्याच वर्षी सात बायकांनी मिळून संस्था काढली आणि पाडायला निघालेलं डेव्हनपोर्ट हाउस विकत घेऊन वाचवलं. तिथून पुढे घरामागून घर. ती पार्किंगची इमारत मात्र पन्नासेक वर्षं टिकली. आता एलिस चौक परत मोकळा आहे, गाड्या जमिनीखाली.

आत्या (नाशिक): सात बायका! हे बाकी बेस्ट.

दादा: म्हणजे बागेतून चालायचं, कारंज्यापाशी फोटो आणि परत?

वहिनी: नाही, आणि हेच मला सांगायचंय. नुसतं एवढं करून आलो तर अर्धंच गाव बघितलं. मागच्या वेळी ट्रॉलीवाल्याने तासभर भुतांच्या गोष्टी सांगितल्या आणि गुलामांवर दोन वाक्यं. या वेळी ओवेन्स-थॉमस हाउसचं तिकीट काढायचंच. 1819 चं घर. पुढून खांब, आत नळाचं पाणी, वरच्या मजल्यावर दोन भाग जोडणारा चक्क पूल. आणि मागच्या अंगणात गुलामांच्या खोल्या. तिथल्या छताला जुना निळा रंग अजून दिसतो. भूतबाधा होऊ नये म्हणून तो लावत, असं सांगतात. आपण पुढच्या खोल्यांचे फोटो काढतो आणि मागे जातच नाही.

बाबा: ओगलथॉर्प गुलामगिरीच्या विरोधात होता असं वाचलं होतं.

वहिनी: होता, बाबा. जॉर्जियात सुरुवातीला बंदीच होती. 1751 ला ती उठवली. आणि मग काकांचं ते जिन आलं.

अकोल्याचे काका: बरोबर. सरकी काढायचं काम यंत्राने सोपं केलं, पण वेचणी हातानेच. जितका कापूस खपेल तितका लावायचा, म्हणून माणसं आणखी विकत घ्यायची. आयुष्यभर मी त्या यंत्राचं कौतुकच सांगत आलो. त्याची ही बाजू कुणी विचारत नाही.

वहिनी: 1859 च्या मार्चमध्ये गावाबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून जास्त माणसं लिलावात विकली. मालक जुगारात बुडालेला. त्याच वर्षी गुलामांनीच बांधलेलं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च पूर्ण झालं. दिवसभर राबून रात्री बांधायचे. खालच्या सभागृहाच्या लाकडी जमिनीत नक्षीसारखी भोकं आहेत. पळून जाणारी माणसं फळ्यांखाली लपायची आणि ती भोकं त्यांना श्वास घ्यायला, असं चर्चचे लोक सांगतात. आत्या, तुमचं देवदर्शन तिथे.

आत्या (नाशिक): तिथे हात जोडून या माझ्या वतीने.

आई: खायचं काय पण? चतुर्थी आहे शनिवारी.

वहिनी: तुमचं फराळाचं घरून घेऊ. बाबा, तुम्ही कोलार्डची पालेभाजी दिसली म्हणून मागवू नका, बहुतेक ठिकाणी डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवतात. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, त्या चालतील, फक्त कोळंबी नको सांगायचं. नदीकाठी उतरायच्या दगडी पायऱ्या फार उभ्या आहेत. तुम्ही वर बे स्ट्रीटवरच बसा, कंटेनरची अजस्र जहाजं तिथूनही दिसतात.

दादा: ओके. दीपगृह कट, वॉर्म्सलो कट, दफनभूमी कट.

अकोल्याचे काका: मॅडिसन चौकातलं ग्रीन-मेल्ड्रिम हाउस कट करू नकोस. कापसाच्या व्यापाऱ्याचं घर. डिसेंबर 1864 मध्ये उत्तरेकडचा सेनापती शर्मन तिथेच उतरला आणि लिंकनला तार केली की नाताळची भेट म्हणून सॅव्हाना घ्या, सोबत सुमारे 25,000 गाठी कापूस!

दादा: काका, बाहेरून दाखवतो. चर्चची शेवटची फेरी कितीला असते ते बघतोय.

बाबा: मग सातला नको. साडेसहाला निघू.