स्फटिक पेशीला चिकटतो, साचतो की धरतो?

प्रश्न : मुतखड्यावरचा एक मजकूर मराठीत लिहिते आहे. मूत्रपिंडातल्या बारीक नलिकेत कॅल्शियम ऑक्झलेटचा स्फटिक तयार होतो आणि आतल्या पेशींच्या भिंतीला जाऊन लागतो. या लागण्याला काय म्हणावं? मी 'अधिशोषण' लिहिलं, संपादक 'साचणे' सुचवतात. दोन्ही खटकतात.

उत्तर : इथे दोन्ही नकोत. अधिशोषणात द्रवातले वा वायूतले रेणू पृष्ठभागावर जमतात. इथे अख्खा कण येऊन बसतो. 'साचणे'ने तर अर्थच बिघडतो. साचतं ते, जे वाहायचं थांबलंय. मूत्र नलिकेतून काही मिनिटांत पुढे जातं. तेवढ्यात सुटा स्फटिक नलिका अडवण्याइतका वाढणं अवघड, हा हिशेब फिनलेसन आणि रीड या संशोधकांनी १९७८ मध्ये मांडला होता. म्हणजे वाहत्या प्रवाहात त्याला कुठेतरी पकड मिळायला हवी. परिभाषेत 'आसंजन' लिहा, वाक्यात सरळ 'चिकटणे'.

फक्त 'चिकटणे' म्हटलं की डिंक डोळ्यांपुढे येतो, म्हणून एक वाक्य जास्तीचं लिहाच. ही ओढ मुख्यतः विद्युतभाराची असते. स्फटिकाच्या पृष्ठभागावर धनभारित कॅल्शियम, पेशीच्या बाहेरच्या अंगाला ऋणभारित रेणू. पेशीपटल, म्हणजे पेशीचं पातळ बाह्य आवरण, दुपदरी असतं. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा ऋणभारित स्निग्ध रेणू निरोगी पेशीत आतल्या पदरात राहतो. पेशीला इजा झाली की तो बाहेरच्या पदरात येतो आणि स्फटिकाला बसायला जागा होते. 'पदर' हा शब्द इथे इतका चपखल आहे की 'स्तर' लिहवत नाही.

आणि 'भिंत' काढा. पेशीभित्तिका वनस्पतींना, जीवाणूंना असते. आपल्या पेशींना पटलच.

प्रश्न : 'धरणे' चालेल का? पण मग कोणी कोणाला धरलं?

उत्तर : जखमेवर खपली धरते, झाडाला फळं धरतात, तिथे कोण विचारतं? 'इजा झालेल्या पटलावर स्फटिक धरतो' हे मला 'चिकटतो'पेक्षाही आवडलं.

आणखी एक : संपादकांचं 'साचणे' अगदीच टाकू नका. मूत्ररोगतज्ज्ञ रँडल यांनी १९३७ मध्ये मूत्रपिंडात दाखवलेले चट्टे वेगळे. तिथे कॅल्शियम फॉस्फेट पेशींच्या अस्तराखालच्या ऊतीत जमतं. अस्तर फाटून ते उघडं पडलं की त्यावर ऑक्झलेटचा खडा वाढतो. तिथे आधी 'साचणे', मग 'धरणे' असंच लिहावं लागेल.