शनिवारच्या नाचाचे डोळे : सोसायटी ग्रुपवरची मंगळवार रात्र

बी-५०३ वहिनी (९:१२): कालच्या तालमीचे फोटो ज्यांनी टाकलेत त्यांनी आधी ते काढा. एकेकीच्या डोळ्याला कुणी ठोसा मारल्यासारखं दिसतंय. अर्ध्या तासात ११ जणींच्या डोळ्यांचा मेकअप होत नाही, हे मी तेव्हाच म्हटलं होतं.

बी-५०३ वहिनी: आणि माझ्या मुलीचा डावा डोळा सकाळपासून लाल आहे. एकच ब्रश सगळ्यांच्या डोळ्यांवरून फिरला, मी स्वतः पाहिलंय. नाव घेत नाही.

ए-४०२ ताई: वहिनी, नाव घेतलं नाहीत तरी ब्रश माझाच होता. तिचा डोळा आत्ता कसा आहे? पाणी येतंय की चिपडं?

सी-७०१ काकू: डोळे उघडे ठेवून लावा. गेल्या वर्षीही सांगितलं होतं.

सेक्रेटरी काका: हा ग्रुप सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. महिलांनी यासाठी वेगळा ग्रुप करावा ही नम्र विनंती. 🙏

बी-५०३ वहिनी: काका, तुमच्या गाडीला ओरखडा पडला तेव्हा ४० मेसेज याच ग्रुपवर आले होते. 🙏

डी-१०३ डॉक्टर: चिपडं येत असतील, सकाळी पापण्या चिकटल्या असतील तर उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल तर उद्याचीही वाट पाहू नका. डोळा पूर्ण बरा होईपर्यंत मेकअप बंद. काल तिला लावलेलं काजळ आणि मस्कारा टाकून द्या, दुसऱ्या कुणी वापरू नका.

ए-२०५: नवीन मस्कारा आहे हो तो, टाकायचा??

डी-१०३ डॉक्टर: हो. कांडी पापणीला लागून परत बाटलीत जाते, आत ओल आणि अंधार. जंतूंना आणखी काय लागतं? डोळ्याला काही झालेलं नसलं तरी मस्कारा ३ महिन्यांनी बदलावा.

ए-४०२ ताई: चूक माझी आहे. ब्रश कोरड्या कपड्याला पुसत होते, धुतले नाहीत. शनिवारी काजळ, लायनर, मस्कारा ज्याचा त्याने आणायचा, कुणी कुणाला द्यायचा नाही. आयशॅडोचे (पापणीवरच्या रंगाचे) ब्रश प्रत्येकीला वेगळे असतील, साबणाने धुऊन पूर्ण वाळवलेले. पॅलेटमधला रंग आधी प्लेटवर खरवडून घेईन, ब्रश पॅलेटमध्ये परत जाणार नाही.

बी-५०३ वहिनी: हे काल केलं असतंत तर

बी-५०३ वहिनी: असो.

डी-६०२: डोळ्यांखाली जो काळा थर आलाय तो कशाने? माझा तर गालापर्यंत उतरला होता.

ए-४०२ ताई: दोन कारणं. ब्रश न झटकता डोळ्यावर नेला की सुटी पावडर गालावर पडते. त्यात आपण फाउंडेशन आधी केलं होतं, मग ती पडलेली पावडर त्यातच बसली. गडद रंग असेल तर डोळे आधी, खालचं पुसून घ्यायचं, मग चेहरा. आणि काजळ वॉटरलाइनवर, म्हणजे पापणीच्या केसांच्या आतल्या ओल्या कडेवर, ओढलं की ते पाण्याबरोबर खाली उतरतंच.

डी-१०३ डॉक्टर: वॉटरलाइन नकोच. पापणीच्या कडेला, केसांच्या आतल्या बाजूला तेलाच्या ग्रंथींची तोंडं असतात. ते तेल अश्रू लवकर वाळू देत नाही. काजळाने ती तोंडं बुजतात, डोळे चुरचुरायला लागतात. काजळ केसांच्या मुळांशी, बाहेरून लावा.

ए-४०२ ताई: आणि त्यावर त्याच रंगाची शॅडो बारीक ब्रशने दाबली की ते हलत नाही.

सी-७०१ काकू: डोळे उघडे ठेवून लावा. समोर बघत.

ए-१०१ सर: या निमित्ताने थोडा इतिहास. प्राचीन इजिप्तमध्ये स्त्रिया आणि पुरुष दोघेही डोळे रंगवत. हिरव्यासाठी मॅलाकाइट, काळ्यासाठी गॅलिना, दोन्ही खनिजं दगडी पाटीवर वाटून.

सी-३०४: सर, मग पुरुषांच्या नाचालाही हिरवं लावूया का? सेक्रेटरी काका पहिल्या रांगेत 😄

डी-१०३ डॉक्टर: गॅलिना म्हणजे शिशाचं सल्फाइड. सुरम्यातही तेच असू शकतं, म्हणून घरातली जुनी सुरम्याची डबी कुणी बाहेर काढू नका, विशेषतः मुलांसाठी.

ए-१०१ सर: मी वापरा असं म्हटलेलं नाही डॉक्टर. फक्त माहिती दिली.

ए-२०५: मुलींसाठी चमकी आणली आहे मी, चंदेरी. हस्तकलेच्या सामानात छान मिळाली. चालेल ना?

डी-१०३ डॉक्टर: नाही!! हस्तकलेची चमकी डोळ्याजवळ अजिबात नको. कडा धारदार असतात, एक कण आत गेला तरी बुबुळावर ओरखडा येतो.

ए-२०५: बरं. मी आणलं की दरवेळी काहीतरी चुकतंच.

ए-४०२ ताई: अहो तसं नाही. मुलींना चमक हवीच आहे, आपण शिमर शॅडो वापरू. पण ती ब्रशने घासली की चमक उडून जाते आणि नुसती धूळ राहते. बोटाच्या टोकावर घ्यायची आणि पापणीच्या मधोमध टेकवायची. किंवा चपटा ब्रश किंचित ओला करून. शिमर दाबायची, मॅट (बिनचमकीची) फिरवायची.

ए-२०५: आमच्यासारख्यांनी काय करायचं? काल माझ्या पापणीवरची एकूणएक सुरकुती मोजता येत होती.

ए-४०२ ताई: शिमर सुरकुतीत बसून उजेड परत फेकते, म्हणून ती उठून दिसते. तुम्हाला मॅट किंवा हलकी सॅटिन (मंद चमकीची). आणि खाली कन्सीलर (डाग झाकायचं क्रीम) अगदी पातळ. काल घाईत मी जाड लावलं, ते तासाभरात पापणीच्या घडीत जमलं आणि रंगही घेऊन गेलं. पातळ थर, बोटाने थोपटायचा, वर जराशी पावडर, मग शॅडो.

डी-६०२: मला एक बोलायचंय. सगळ्यांना तीच फिकट निळी लावायची असं ठरलंय. माझ्या रंगावर ती राख फासल्यासारखी दिसते. काल फोटोत मीच वेगळी दिसतेय. कुणी म्हणालंही, "हिला शोभत नाही."

बी-५०३ वहिनी: कोण म्हणालं?

डी-६०२: जाऊ दे.

ए-४०२ ताई: जाऊ द्यायचं नाही. दोष तुझ्या रंगाचा नाही, त्या शॅडोचा आहे. फिकट मॅट रंगात पांढरं भरपूर असतं, सावळ्या त्वचेवर ते राखाडी दिसतं. तुला गडद मोरपिशी किंवा गर्द निळी लावते. खाली जरा चिकट क्रीमचा थर, त्यावर रंग दाबून. घडीत तुझ्या त्वचेहून थोडा गडद, तांबूस तपकिरी. रंगमंचावर सगळ्यात उठून तुझेच डोळे दिसतील. आणि सगळ्यांना एकच छटा हवी हा हट्ट सोडूया. निळ्यातली ज्याची त्याची छटा.

सी-३०४: +१

सेक्रेटरी काका: पुन्हा नम्र विनंती. ग्रुप सूचनांसाठी आहे. 🙏

सी-७०१ काकू: डोळे उघडे ठेवून लावा.

सी-३०४: काकू, तिसऱ्यांदा 😄 उघड्या डोळ्यात ब्रश जाईल ना!

सी-७०१ काकू: हसा. पण नीट वाचा. माझ्या पापण्या वरून झाकलेल्या आहेत, इथे निम्म्या जणींच्या तशाच आहेत. मी २० वर्षं डोळे मिटून लावत आले. मिटले की सुंदर, उघडले की सगळं आत गायब. मग वाटायचं कमी पडलं, आणखी लावायचे. शेवटी आरशात सरळ समोर बघत बसले, भुवया न उचलता, आणि जिथे कातडी दुमडते त्याच्या जरा वर एक ठिपका दिला. ती माझी रेष. घडीचा रंग घडीत नाही, त्या रेषेवर. नंतर डोळे मिटून खाली उतरवायचा. उघडून बघायचं, मिटून फिरवायचं, परत उघडून बघायचं. काल सगळ्यांचं मिटल्या डोळ्यांवर केलं आणि उघडल्यावर काळा ढीग दिसला.

ए-४०२ ताई: काकू, तुमचं बरोबर आहे. माझी पापणी मोठी, मला कधी ही अडचण आली नाही. मी माझ्या डोळ्यांसारखं सगळ्यांना केलं.

सी-७०१ काकू: तेच गेल्या वर्षीही सांगितलं होतं.

डी-६०२: पण कडा मऊ कशा करायच्या? माझा रंग पट्ट्यासारखा राहतो.

ए-४०२ ताई: ब्रश मागे, टोकाजवळ धर म्हणजे दाब आपोआप कमी होतो. मऊ फुगीर ब्रश, त्यावर अगदी थोडा मध्यम गडद रंग, झटकायचा, मग काकूंच्या रेषेवर गाडीच्या वायपरसारखा इकडून तिकडे. गडद रंग फक्त बाहेरच्या कोपऱ्यात, चिमूटभर. शेवटी रंग न घेतलेला कोरडा ब्रश फक्त कडेवर फिरव. कडा दिसली की अनेकजणी आणखी रंग घेतात, तिथेच बिघडतं.

सी-३०४: मला लेन्स आहेत, त्या कधी लावू?

डी-१०३ डॉक्टर: हात धुऊन लेन्स आधी, मग मेकअप. रात्री लेन्स आधी काढायच्या, मग मेकअप.

ए-४०२ ताई: काका, एक सूचनाच आहे. क्लबहाउसमधली आरशासमोरची ट्यूब २ महिने बंद आहे. फक्त डोक्यावरचा दिवा लागतो, त्याने भुवईची सावली पापणीवर पडते. रंग किती लागला ते कळतच नाही, म्हणून जास्त लावला जातो. समोरून उजेड हवा.

सेक्रेटरी काका: तक्रार वहीत लिहावी.

बी-५०३ वहिनी: वहीत ३ वेळा लिहिली आहे. पानाचा फोटो टाकू?

सेक्रेटरी काका: उद्या बसवतो.

बी-५०३ वहिनी: ताई, चिपडं नाहीत, नुसतं पाणी येतंय. उद्या दाखवून आणते. बरी नसेल तर ती बिनमेकअपची नाचेल, पण नाचेल.

ए-४०२ ताई: नक्की. मी आत्ता ब्रश धुतेय.

बी-५०३ वहिनी: वाळताना आडवे ठेवा. उभे ठेवले की पाणी मुठीत उतरतं आणि केस गळतात.