बसथांब्याभोवती ५०० मीटरचा बफर, आणि नकाशाच गिळला

प्रश्न: मी पुण्यात बीएला भूगोल शिकवते. कोणत्या वस्त्यांना ५०० मीटरच्या आत बसथांबा आहे, हे मुलांकडून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून घेत होते. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरचे थांबे घेतले, बफरला (म्हणजे प्रत्येक थांब्याभोवतीच्या ठरावीक अंतराच्या वर्तुळाला) ५०० टाकलं आणि अख्खं जग झाकलं गेलं. वर्गात हशा! चुकलं कुठे?

उत्तर: मॅडम, तुमचा थांब्यांचा थर (लेयर) अक्षांश-रेखांशात आहे, म्हणून तुमचे ५०० म्हणजे अंश. एक अक्षांश साधारण १११ किलोमीटर! थर यूटीएम झोन ४३ उत्तर (कोड ईपीएसजी ३२६४३) या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत रीप्रोजेक्ट करा, म्हणजे रूपांतरित करा. नुसतं प्रोजेक्टचं सीआरएस (निर्देशांक प्रणाली) बदलून भागत नाही, त्यात माझी एक दुपार गेलीय.

दुसरं उत्तर: नागपूर असतं तर झोन ४४, ७८ रेखांशाला हद्द बदलते. पण खरं सांगू? वर्तुळच नको. मुठा नदीपलीकडचा थांबा त्यात येतो, पूल मात्र लांब असतो. रस्त्यांच्या जाळ्यावरून 'सर्व्हिस एरिया' काढा, म्हणजे थांब्यापासून रस्त्याने ५०० मीटरमध्ये येणारा भाग.

प्रश्नकर्ती: जमलं! आता डेक्कनला दोन्ही पद्धती लावून फरक मोजायला देते. एकाने लगेच विचारलं, "मॅडम, पावसाळ्यात मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला की?" त्याला तोच प्रकल्प दिला.